मुंबईत रविवारच्या लाँग रनचा ग्रुप: शोधण्यापासून बाराव्या रविवारपर्यंत

४-५ किलोमीटर धावायला ग्रुप लागत नाही. घराजवळची बाग किंवा सोसायटीचं आवार पुरतं. पण लाँग रनचं, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावेचं, अंतर १२-१४ किलोमीटरच्या पुढे गेलं की मुंबईत प्रश्न नुसता पायांचा राहत नाही. दोन तास रस्त्यावर असताना पाणी कुठे मिळणार, अंधारात सोबत कोण असणार, बाथरूमला कुठे जायचं, चक्कर आली तर ते कुणाच्या लक्षात येणार? आणि हळू धावायला कोण लावणार? एकटं माणूस जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा जोरात धावतं आणि आठव्या किलोमीटरला संपतं.

मी मुलुंडला राहते. गेली सहा वर्षं बहुतेक रविवारी पहाटेची लोकल पकडून दादरला धावायला जाते. माझी पहिल्या ग्रुपची निवड चुकली होती. तिसऱ्याच रविवारी त्यांच्यासोबत वरळीच्या पुढे गेले आणि मागे पडले. बाकीचे दिसेनासे झाले. फोन आणि पैसे माझ्या बॅगेत होते, आणि बॅग कुणाच्या तरी गाडीत. हाजी अलीच्या सिग्नलपाशी मी पाऊण तास उभी होते. शेवटी एका टॅक्सीवाल्या काकांनी विचारपूस केली आणि दादरला पोचून पैसे द्यायच्या बोलीवर सोडलं. ग्रुपमधल्या कुणालाही मी नसल्याचं कळलं नव्हतं. ती माणसं वाईट नव्हती, पण शेवटच्या माणसाची जबाबदारी तिथे कुणाकडेच नव्हती.

दुसऱ्या ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी साठीचे एक काका शेजारी येऊन म्हणाले, "तुमच्या मागे मी, आणि माझ्या मागे कुणी नाही. तेव्हा निवांत धावा, ताई." त्या ग्रुपमध्ये मी अजून आहे. म्हणून हा लेख वाचून एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल: ग्रुपचा वेग, टी-शर्ट, फोटो काहीही बघू नका. शेवटच्या माणसासाठी कोण थांबतं, ते बघा.

आधी स्वतःची तयारी

ग्रुपमध्ये जायला वेगवान असावं लागत नाही, पण सवय लागते. आठवड्यातून तीन दिवस, ३०-४० मिनिटं, धावणं आणि चालणं मिळून, असं सहा आठवडे करा. ५ किलोमीटर धावत-चालत पूर्ण करून त्या दिवशी घरची कामं नेहमीसारखी करता आली, तर तुम्ही तयार आहात. "अजून थोडी तयारी झाली की जाईन" असं म्हणत वर्ष घालवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, सिगारेटची सवय असेल, किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. ईसीजी पुरेसा आहे की स्ट्रेस टेस्ट (चालत्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी) करायची, हे त्यांना ठरवू द्या. रिपोर्ट चांगला आला तरी धावताना छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झालं तर त्या क्षणी थांबायचं आणि सोबतच्या माणसाला सांगायचं. ते अॅसिडिटी म्हणून अंगावर काढू नका. तापाचंही तसंच. व्हायरल किंवा डेंग्यूतून उठल्यावर "घाम काढला की बरं वाटेल" म्हणून धावायला जाऊ नका. काही विषाणूंच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, आणि ती वरून दिसत नाही.

बुटांवर फार चर्चा नको. धावण्यासाठीचेच बूट हवेत, ते संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्यावेत आणि पुढे अंगठाभर जागा असावी. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर ते बदलायला येतात. कोरे बूट लाँग रनला कधीच घालू नका.

ग्रुप कुठे शोधायचा

मुंबईत रविवारी पहाटे जिथे मोकळा रस्ता आहे तिथे धावणारे भेटतात: शिवाजी पार्क, माटुंग्याची फाइव्ह गार्डन्स, वरळी सी फेस, मरीन ड्राइव्ह, कार्टर रोड, वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स (बीकेसी), पवई, आरे, बोरिवलीचं नॅशनल पार्क. ठाण्यात येऊर आणि उपवन, नवी मुंबईत पाम बीच रोड. मुंबई रोड रनर्स ही संस्था महिन्याच्या पहिल्या रविवारी वांद्रे ते एनसीपीए (नरिमन पॉइंटचं कलाकेंद्र) अशी अर्धमॅरेथॉनच्या अंतराची धाव कित्येक वर्षं घेत आली आहे. शहरातले निरनिराळे ग्रुप एकाच दिवशी पाहायचे असतील तर त्या वाटेवर कुठेही उभं राहावं.

जागा निवडताना देखाव्यापेक्षा आपली रेल्वे लाइन बघा. डोंबिवलीच्या माणसानं मरीन ड्राइव्हच्या प्रेमात पडून तिथला ग्रुप धरला, तर पावसाळ्यापर्यंत उत्साह टिकतो आणि मग रविवार चुकायला लागतात. घरापासून तासाभरात पोचता येईल ती जागा चांगली.

जागा ठरली की एक रविवार नुसतं बघायला जा. साडेपाचला पोचा, चालत फिरा. पाण्याचं टेबल मांडून कोण बसलंय, हळू धावणाऱ्यांशी पुढचे कसे बोलतात, नवीन आलेल्याला कुणी नाव विचारतं का, एवढं पाहा. मरीन ड्राइव्ह एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम साडेतीन किलोमीटर आहे. एका फेरीत चार-पाच ग्रुप दिसून जातात.

काही ग्रुप मोफत असतात, पाण्याचा खर्च सगळे वाटून घेतात. काही ठिकाणी कोच असतो आणि महिन्याची फी असते. ज्यांना आठवड्याचं वेळापत्रक कुणीतरी हातात द्यायला हवं त्यांना फी परवडते. मला मोफत ग्रुपची ओढ आहे, कारण तिथे ज्याला त्याला काहीतरी काम करावं लागतं आणि त्यातून ओळखी घट्ट होतात.

पहिला मेसेज

ग्रुपच्या अॅडमिनना थेट, मोजका मेसेज करा. आपल्याला काय येतं आणि काय विचारायचंय, एवढंच. उदाहरणार्थ:

"नमस्कार. मी घाटकोपरला राहतो, वय ४३. गेले दोन महिने आठवड्यातून तीन वेळा ५ किलोमीटर धावत-चालत करतो, ४२ मिनिटं लागतात. रक्तदाबाची गोळी चालू आहे, डॉक्टरांची परवानगी आहे. येत्या रविवारी तुमच्यासोबत येऊ का? सगळ्यात कमी अंतर किती असतं, शेवटी कोण असतं आणि पाणी किती अंतरावर मिळतं, हे सांगाल का?"

"शेवटी कोण असतं" या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा. "आमचा एक जण नेहमी मागे असतो" असं आलं तर निर्धास्त जा. "सगळे आपापल्या वेगानं धावतात" असं आलं तर तिथे अनुभवी लोकांचं छान जमत असेल, पण तुमची ती जागा नाही. निदान पहिलं वर्षभर तरी.

वय आणि औषधं लिहायला संकोच वाटतो, मला कळतं. तरी लिहा. बेशुद्ध पडलेल्या माणसाला मधुमेह आहे हे सोबतच्यांना माहीत असणं फार उपयोगी पडतं.

शनिवारची तयारी

लाँग रन शनिवारी दुपारी सुरू होतो. दुपारपासून पाणी थोडं थोडं पीत राहा, रात्री एकदम दोन तांबे पिऊन झोप मोडू नका. जेवण साडेआठच्या आत आणि ओळखीचं असावं: वरण-भात, पोळी-भाजी, दही. शनिवारी रात्री बाहेरचं तिखट, तळलेलं किंवा राजमा-छोले नकोत. वरळीला पोटात कळ आली तर जवळपास सोय मिळेलच असं नाही.

कपडे सुती नकोत. सुती बनियन घाम धरून ठेवतं, जड होतं आणि कातडी सोलतं. काखा, मांड्यांची आतली बाजू आणि पुरुषांनी स्तनाग्रं, इथे व्हॅसलीन लावावं. खोबरेल तेल घामात लवकर वाहून जातं. बायकांनी स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्ट्याखालीही लावावं. आंघोळ करताना पहिली आग तिथेच होते.

अंगावर काय ठेवायचं ते कमरेच्या पट्ट्यात बसेल इतकंच: फोन, २०० रुपये, ट्रेनचं कार्ड, आणि नाव, रक्तगट, घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. बॅग गाडीत ठेवा, पण यातलं काही बॅगेत ठेवू नका. हाजी अलीला शिकलेला धडा आहे हा. बॅगेत कोरडा टी-शर्ट, पंचा, चपला आणि ओले कपडे ठेवायला प्लास्टिकची पिशवी.

पहाटेचा प्रवास

लोकल पहाटे चारच्या सुमारास सुरू होतात, पण रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या कमी असतात. शनिवारी रात्री वेळ बघून ठेवा. पहाटेच्या वेळी महिलांच्या डब्यात पोलिस असतो. डबा रिकामा असेल तर मी त्यांच्या जवळच्या बाकावर बसते. स्टेशनपर्यंत रिक्षा आणि स्टेशनबाहेर ग्रुपमधलं कुणीतरी, ही सोय बायकांनी पहिल्या दिवसापासून मागून घ्यावी. आमच्याकडे दादरला पुलाखाली तीन-चार जणी जमतो आणि एकत्र पार्कपर्यंत चालत जातो.

परतीच्या वेळेचाही विचार करा. मध्य आणि हार्बर लाइनवर रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणं, बहुधा अकराच्या आसपास सुरू होतो. नाश्ता करून साडेदहाच्या आत गाडीत बसलात तर दुपारचं जेवण वेळेवर मिळतं.

पहिला रविवार

पंधरा मिनिटं आधी पोचा. सकाळची बाथरूमची गरज घरीच उरकलेली बरी, नाहीतर स्टेशनचं किंवा जवळचं सुलभ शौचालय कुठे आहे ते आधी विचारून घ्या.

पहिल्या दिवशी नेहमीच्या अंतरापेक्षा एका किलोमीटरहून जास्त वाढवू नका. तुम्ही ५ करत असाल तर ५ किंवा ६. ग्रुप १८ करणार असेल तर करू दे. बहुतेक ग्रुप गेलं त्याच वाटेनं परत येतात, त्यामुळे ३ किलोमीटर गेल्यावर वळलं की ६ होतात. कुठून वळणार ते निघायच्या आधी मोठ्यानं सांगा. शिवाजी पार्कची फेरी साधारण १.२ किलोमीटरची आहे. नवीन माणसाला पहिले दोन-तीन रविवार तिथेच फेऱ्या मारता आल्या तर उत्तम. थकलं की कट्टा आहे, पाणी आहे, माणसं आहेत.

वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. मग चाला. ४ मिनिटं धावणं, १ मिनिट चालणं हा क्रम पहिल्या मिनिटापासून ठेवला तर शेवटपर्यंत पाय ताजे राहतात. दमल्यावर चालायला लागण्यात तो फायदा नाही. आमच्यातले कितीतरी जण पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, असंच पार करतात.

पहिल्या दिवशी कुणाशी फार बोलणं झालं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. पहाटे पाचला माणसं कमीच बोलतात. परतताना बोलतात.

पाणी, मीठ आणि दमट हवा

मुंबईत धावणाऱ्यानं सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं. पुण्यात किंवा नाशकात सहज होणारं अंतर इथे जड जातं. घाम येतो, पण हवेत आधीच इतका ओलावा असतो की तो उडून जात नाही, नुसता गळतो. घाम उडाला तरच अंग थंड होतं. ते होत नाही म्हणून शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, पायांना कमी पडतं, आणि वेग तोच असून हृदयाचे ठोके वाढत जातात. मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा २७-२८ अंशांखाली क्वचितच उतरतो. त्या दिवसांत जानेवारीतल्या वेगाचा हट्ट धरणं धोक्याचं आहे. किलोमीटरमागे अर्धं-पाऊण मिनिट जास्त लागलं तर लागू दे.

सूर्याचंही गणित आहे. जानेवारीत मुंबईत सव्वासातच्या सुमारास उजाडतं, मेअखेरीस सहाला. म्हणून उन्हाळ्यात ग्रुप पावणेपाचला निघतात आणि थंडीत साडेपाचला. उन्हाळ्यात उशिरा आलात तर अंतर कमी करा.

आपल्याला किती पाणी लागतं हे घरीच मोजता येतं. धावायच्या आधी बाथरूमला जाऊन आल्यावर कमीत कमी कपड्यांत वजन करा, तासभर धावून आल्यावर अंग पुसून परत करा. १ किलो वजन घटलं म्हणजे साधारण १ लिटर घाम गेला. वाटेत प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. मला नोव्हेंबरात तासाला पाऊण लिटर घाम जातो, मेमध्ये सव्वा. जातो तितका सगळा धावताना भरून काढायचा नसतो. वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त घट होऊ द्यायची नाही, एवढं पुरे.

आणि उलट बाजू, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं: वजन वाढलं तर तुम्ही जास्त पाणी पीत आहात. लांब अंतरावर, हळू धावणाऱ्यांनी प्रत्येक टेबलवर भीतीपोटी साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. डोकेदुखी, मळमळ, बोटं सुजणं, भ्रमिष्टासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नका, दवाखान्यात न्या. तहान लागेल तसं प्यावं आणि तासाच्या वर धावायचं असेल तर पाण्यात मीठ असावं.

मिठासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पावडर चांगली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं लिहिलेलं असावं. मोठं पाकीट अख्ख्या १ लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ते सगळं ओतलं तर पाणी खारट होतं आणि पोट बिघडतं. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबतही चालतं, आमच्या टेबलवर तेच असतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

सव्वा-दीड तासाच्या पुढे पोटात काहीतरी जायला हवं. स्नायूंमध्ये साठवलेली साखर तिथून पुढे कमी पडू लागते. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. मी अर्धं केळं आणि दोन खजूर घेते. शेंगदाण्याची चिक्की धावताना घशात अडकते, ती संपल्यावर खावी. एनर्जी जेल (पाकिटातलं गोड, घट्ट मिश्रण) वापरायचं असेल तर आधी रविवारी वापरून बघा, स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा नको.

दुखतंय म्हणून धावायच्या आधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो.

रस्त्यावर वागणं

रविवारी पहाटे रस्ते रिकामे असतात म्हणून गाड्या जास्तच वेगात येतात. फूटपाथ नसेल तिथे उजव्या कडेनं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं धावा. दोघांपेक्षा जास्त जण शेजारी-शेजारी नकोत. कानात इअरफोन एकाच बाजूला, खरं तर नकोच. चमकणारी पट्टी किंवा उजळ रंगाचा टी-शर्ट हवा. पेव्हर ब्लॉक कुठे उचकटलेला आहे ते दिसत नाही, तेव्हा अंधारात पाय उचलून टाका. पुढच्यानं "खड्डा!" म्हटलं की तुम्हीही मागच्यासाठी "खड्डा!" म्हणा.

कुत्री मागे लागली तर धावणं थांबवून चाला, नजरेला नजर देऊ नका. पळालात तर ती पाठलाग करणारच.

नॅशनल पार्कमध्ये मुख्य दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत साधारण ६ किलोमीटरची चढण आहे आणि सावली भरपूर. सोमवारी पार्क बंद असतं. तिथे आणि आरेत बिबट्यांचा वावर आहे, म्हणून उजाडल्यावर आणि घोळक्यानंच धावायचं, मागे पडलेल्याला एकटं सोडायचं नाही. शेवटचा माणूस सांभाळण्याचा नियम शहरात सोयीचा आहे, तिथे जिवाचा आहे.

पाण्याचे कागदी कप, केळ्याच्या साली, जेलची पाकिटं रस्त्यावर टाकू नका. सकाळी झाडणाऱ्या ताई तो रस्ता नुकत्याच झाडून गेलेल्या असतात. मॉर्निंग वॉकला आलेल्या आजी-आजोबांना मागून ओरडून बाजूला करू नका, दोन पावलं वळसा घाला.

संपल्यावर

लगेच कट्ट्यावर बसू नका, दहा मिनिटं चाला. ओला टी-शर्ट बदला. तासाभरात काहीतरी खा. शिवाजी पार्काजवळ साबुदाणा वडा आणि पियुष, माटुंग्यात इडली आणि कॉफी, तुमच्या भागात जे असेल ते. नाश्त्याला थांबा असा माझा आग्रह आहे. कुणाचा गुडघा दुखतोय, कोणता डॉक्टर नीट बघतो, कोण नवीन आहे हे तिथेच कळतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर बंद ठेवायची गरज नाही. हवा थोडी गार असते, पावसात धावण्याचा आनंद वेगळाच. पण साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही. खाली उघडं मॅनहोल असू शकतं, आणि त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होतो. पायाला जखम असेल तर धोका वाढतो. चुकून पाण्यातून जावं लागलंच तर घरी आल्यावर साबणानं पाय धुवा आणि प्रतिबंधक औषध घ्यायचं का ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. मरीन ड्राइव्हच्या लाद्या ओल्या झाल्या की घसरतात. भरतीच्या वेळी कठड्यापासून लांब राहा. विजा कडाडत असतील तर धाव रद्द. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की रात्रीत बरेच वाळतात.

पुढचे बारा रविवार

६ किलोमीटरपासून सुरुवात धरली तर माझ्या ओळखीच्या नवख्यांना झेपलेला क्रम असा: ६, ७, ८, मग परत ६. ९, १०, ११, मग ८. १२, १३, १४, मग १०. दर चौथ्या रविवारी अंतर मुद्दाम कमी करायचं. त्या आठवड्यात पायांची आतली दुरुस्ती होते, आणि बहुतेक दुखणी तो आठवडा वगळणाऱ्यांनाच धरतात. मधल्या दिवसांत दोन छोटे रन आणि दोनदा वीस मिनिटं पायांचे व्यायाम: उठाबशा, टाचा वर उचलणं, एका पायावर उभं राहणं. लोकलमध्ये उभं राहूनही टाचा उचलता येतात.

धावताना वाढत जाणारं, चालताना लंगडायला लावणारं किंवा हाडावर एका बोटानं दाखवता येणारं दुखणं असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. दोन्ही पाय सारखेच जड झाले असतील तर तो नुसता थकवा.

१४ किलोमीटर झाले की शिवाजी पार्कपासून वरळी, हाजी अली, पेडर रोड करत एनसीपीएपर्यंतची १५-१६ किलोमीटरची वाट तुमच्या आवाक्यात येते. पेडर रोडची चढण हळूहळू, छोटी पावलं टाकत घ्या. २००४ मध्ये सुरू झालेल्या आणि आता जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हीच चढण परतीच्या वाटेवर, पाय संपत आलेले असताना येते. ती रविवारी ओळखीची झालेली असली तर त्या दिवशी घाबरवत नाही. अर्धमॅरेथॉनसाठी, म्हणजे २१.०९७५ किलोमीटरसाठी, सरावात १८-१९ पुरतात. नाव नोंदवण्याआधी त्या वर्षीचे प्रवेशाचे नियम स्वतः वाचा.

ग्रुपला आपलं काय

शनिवारी संध्याकाळपर्यंत येणार की नाही ते कळवा, पाणी त्या हिशोबानं भरलं जातं. न येता "येतो" म्हणू नका. पाण्याचे पैसे मागायच्या आधी द्या. कुणाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकू नका. बायकांचं लाइव्ह लोकेशन आणि घराजवळचे मार्ग तर कधीच उघड करू नका. दोन महिन्यांतून एकदा न धावता पाण्याच्या टेबलवर बसा.

आणि तीन-चार महिने झाले की एक रविवार शेवटचं राहायचं काम मागून घ्या. त्याची रीत साधी आहे. निघताना माणसं मोजा आणि आकडा हातावर पेनानं लिहा. सोबत ओआरएसचं पाकीट, क्रेप बँडेज, ५०० रुपये आणि चार्ज केलेला फोन ठेवा. अॅम्ब्युलन्सचा नंबर १०८ आहे, आणि ११२ ही चालतो. सगळ्यात हळू माणसाच्या चार पावलं मागे राहा, घाई करू नका, घड्याळाकडे बघू नका. तो चालला तर तुम्हीही चाला. एखादा वाटेतूनच टॅक्सीनं गेला तर तसं त्याच्याकडून फोनवर कळेपर्यंत आकड्यातून त्याला वजा करू नका. शेवटचा माणूस कट्ट्यावर पोचला की हातावरचा आकडा जुळवा आणि ग्रुपवर "सगळे आले" असं लिहा. ते लिहून होईपर्यंत टेबलवरचं पाणी उचलू देऊ नका.